हळद, नीळ आणि बहारपरी

ताई गेली, तेव्हा तिचा वास कुठे गेला?

वामनने आईला विचारलं, तर आईने पदर तोंडाला लावला. बाबांना विचारलं, तर बाबा विळा घेऊन बागेत निघून गेले. शाळेत विचारलं, तर गुरुजी म्हणाले, "खाली बस." वामन खाली बसला नाही. तडक घरी आला आणि पुन्हा शाळेत गेलाच नाही.

संत्र्याच्या एका भल्या मोठ्या बागेच्या कडेला त्यांचं कुडाचं इवलंसं घर होतं. बाग दुसऱ्याची, राखण यांची. इंदूताई होती तेव्हा उंबरा ओलांडला की नाकाला गुदगुल्या व्हायच्या. काहीतरी गोड, काहीतरी ओलं, काहीतरी केशरी केशरी. आता तिथे ताईचा फोटो होता, फोटोपुढे उदबत्त्या होत्या, आणि घराला कुणाचाच वास नव्हता.

ताईची दोन पाखरं मात्र मागे राहिली होती. पिवळीधमक ती हळद आणि निळाशार तो नीळ. मण्यांसारखे डोळे, गव्हाच्या दाण्याएवढ्या चोची. पूर्वी दोघं इतकी कचाकचा भांडायची की आई म्हणायची, "भरला यांचा बाजार!" आता ती पिंजऱ्यातल्या दांडीवर एकमेकांना चिकटून गप्प बसायची.

एका सकाळी वामन बागेत रडायला गेला. घरात रडलं की आईही रडायची, म्हणून तो रडायला बागेतच जायचा. झाडांना बहार फुटला होता. हिरव्या पानांत पांढऱ्या चांदण्या लुकलुकत होत्या आणि मधमाश्यांची नुसती लगबग चालली होती. तेवढ्यात एका खोडाकडून बारीकसा आवाज आला.

"तुझं रडून झालं असेल तर जरा इकडे बघतोस का रे? माझा पाय अडकलाय."

खोडावर डिंकाचा सोनेरी थेंब होता आणि त्यात बोटभर उंचीची परी रुतली होती. तिचे पंख संत्र्याच्या फोडीवरच्या पापुद्र्यासारखे झिरझिरीत, झगा पाकळ्यांचा, आणि गालांवर परागांची पिवळी पूड.

वामनने पाटाचं पाणी ओंजळीत आणलं. थेंब थेंब सोडून डिंक भिजवला आणि हळूच तिचा पाय सोडवला. तिची एक चिमुकली चप्पल मात्र डिंकातच राहिली. त्याने ती काडीने काढली, धुतली आणि तिच्यापुढे धरली.

"पाय सगळेच सोडवतात," परी म्हणाली. "चप्पल धुऊन कुणी देत नाही. मी बहारपरी. सगळे वास माझ्या राखणीत असतात. माग, काय हवं ते."

"ताईचा वास."

परी उडून त्याच्या मनगटावर बसली. मग तिने त्याच्या तळहातावर दोन पाकळ्या ठेवल्या. "वासाचं नाव घ्यायचं आणि पाकळीवर फुंकर घालायची. पण त्याआधी नियम ऐक. घरात ज्याची छाती सगळ्यात लहान..."

ऐकायला वामन होता कुठे! तो केव्हाच घराकडे सुटला होता.

घरात कुणी नव्हतं. त्याने पाकळी हातावर ठेवली आणि त्याच्या मनात आलं, ताई तर किती लांब गेली. शेजारच्या काकू म्हणायच्या, धुपाचा वास थेट वर जातो. आधी भरपूर धूप करावा, म्हणजे तिला घर सापडेल. दुसरी पाकळी मग तिच्या वासाला.

"धूप," तो म्हणाला. "दहा देवळांचा." आणि त्याने फुंकर घातली.

करड्या धुराचे लोटच्या लोट उठले. आढं दिसेना, फोटो दिसेना. वामनला ठसका लागला. आणि पिंजऱ्यात नीळ चोच वासून धापा टाकू लागला. त्याची शेपटी श्वासाश्वासाला वरखाली होत होती. हळद तर दांडीवरून घसरून खालीच पडली.

वामनने पिंजरा उचलला आणि धावत अंगणात आला. मोकळ्या वाऱ्यात नीळ सावरला. हळद काही डोळे उघडेना. ताईने त्याला याच बोटांनी हळदीला दाणे भरवायला शिकवलं होतं. त्याच बोटांत आता एकच पाकळी उरली होती.

त्याने पाकळीकडे पाहिलं. मग पिंजऱ्याचं दार उघडून ती हळदीपाशी धरली.

"वास नको," तो म्हणाला. "हिला श्वास दे."

फुंकर घालताच पाकळीची गार, चमचमती झुळूक झाली. ती हळदीच्या पिसांतून फिरली, घरात शिरून सगळा धूर घेऊन गेली. हळदीला एक बारीकशी शिंक आली. तिने डोळे उघडले आणि वामनच्या बोटाला कडकडून चावा घेतला.

वामन खदखदून हसला. किती दिवसांनी!

पिंजऱ्यावर बहारपरी बसली होती. "नियम अर्धाच ऐकलास की रे. ज्याची छाती सगळ्यात लहान, त्याला सोसेल तोच वास घरात आणायचा. हे पाखरांचं घर आहे, बाळा. यांना धूर सोसत नाही."

"आता कळलं. पाकळ्या संपल्या ना?"

"संपल्या."

"मग ताईचा वास गेला तो कुठे गेला?"

"ते मलाही ठाऊक नाही," परी हळूच म्हणाली. "पण यायचा कुठून, ते तुला ठाऊक आहे. ताई काय काय करायची, आठव."

वामनने डोळे मिटले. "संत्र्याच्या साली मडक्यात टाकायची. भरपूर पाणी घालून मंद उकळायची. खिडकीत वाळ्याची जुडी टांगून तिच्यावर पाणी शिंपडायची. आणि उदबत्ती... उदबत्ती ती अंगणातल्या तुळशीपाशी लावायची. घरात कधीच नाही."

"बघ, मला विचारायची गरज होती का?"

परीने पंख झटकले. खिडकीतल्या वाळलेल्या वाळ्यावर आणि दारातल्या संत्र्याच्या झाडावर सोनेरी भुकटी उडाली. झाडावर चटकन एक केशरी फळ लटकलं. "हे झाड तुमच्यासाठी बारा महिने एक तरी फळ राखेल," ती म्हणाली आणि सकाळच्या उन्हात मिसळून गेली. उजेड तेवढा जास्त झाला.

दुपारी आई टोपली घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"कोण आलंय रे?"

"कुणी नाही. साली उकळतायत."

मागच्या पडवीतल्या चुलीवर मडकं मंद रटरटत होतं. खिडकीतला ओला वाळा वाऱ्यावर हलत होता. घर गोड, ओलं, केशरी झालं होतं. आई तिथेच बसली. तिने पदर डोळ्यांना लावला. आणि दांडीवर हळद आणि नीळ एका फोडीवरून कचाकचा भांडायला लागली.

"भरला यांचा बाजार," आई म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसली.

दिवेलागणीला आईने उदबत्त्या तुळशीपाशी नेल्या. वामनने फोटोपुढे एक ताजी साल ठेवली. मग ताईची फुलाफुलांची ओढणी काढून पाखरांच्या पिंजऱ्यावर पांघरली, आणि वारा आत यावा म्हणून खिडकीकडची तिची एक कड दुमडून वर ठेवली.