आसणगव्हाणचे बिनदोरीचे टाळ

मंडळी, दर्शन झाले असेल तर क्षणभर सभामंडपाच्या या डाव्या भिंतीकडे पाहावे. खुंट्यांवर काशाचे टाळ टांगलेले आहेत. टाळ म्हटला की दोन वाट्या आणि त्यांना जोडणारी दोरी असे आपल्या डोळ्यांपुढे येते. येथे मात्र प्रत्येक खुंटीवर एकच वाटी आहे. बोटात अडकवण्यापुरता सुताचा फास तेवढा तिला आहे. आसणगव्हाणात एकट्या माणसाला टाळ वाजवता येत नाही. आपली वाटी दुसऱ्याच्या वाटीवर वाजवावी लागते. हे असे का, याची कथा वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकत आलो, ती सांगतो.

निजामाच्या अमदानीत, गाठीची साथ आली त्या सालची ही गोष्ट आहे असे सांगतात. कार्तिकात घराघरांतून उंदीर पडू लागले आणि आठ दिवसांत माणसे पडू लागली. सारे गाव घरे सोडून माळावर खोपी घालून राहिले. दोन खोपींमध्ये हाकेचे अंतर ठेवायचे असा पंचांनी दंडक घातला. तीनशे वस्तीच्या गावातली पन्नासांवर माणसे त्या माळावर दगावली. फाल्गुनात साथ ओसरली. लोकांनी खोपी जाळल्या, घरे शेणाने सारवली आणि ते परत राहायला आले.

रोग गेला, पण माळावरचे अंतर गावात आले, असे माझे आजोबा म्हणत. कोणी शिंकले की शेजारचे दार लागे. विहिरीवर बाया एकमेकींचे पाणी भरून होईपर्यंत लांब उभ्या राहत. ही नुसती भीती असती तर चार दिवसांत विरली असती. प्रत्येकाच्या पोटात काहीतरी रुतून बसले होते. कोणी आईला खांदा दिला नव्हता, कोणी तहानलेल्या चुलत्याची हाक ऐकून न ऐकल्यासारखी केली होती. ते बोलायचे कोणापाशी? ज्याच्यापाशी बोलावे, त्याच्या पोटातही तेच. त्यामुळे माणसे मान वर करून एकमेकांकडे पाहीनाशी झाली. देवळात पाच-सात जण येत, चार-चार हात लांब बसत आणि मुकाट उठून जात. तशात कोणाच्या तरी मनाने घेतले की देवळातले टाळ पुष्कळांच्या हातांत फिरलेले, ते अग्नीतून काढून शुद्ध करावेत. सगळे टाळ होळीत टाकले आणि तापलेल्या काशावर घडाभर पाणी ओतले. दोऱ्या जळाल्या, कित्येक वाट्या तडकल्या, साऱ्या जोड्या एकमेकींत मिसळल्या. भजन बंद पडले.

हे टाळ ज्याने घडवले, तो रखमाजी कासार गावातच राहत होता. पण त्याची भट्टी विझलेली होती. त्याचा धाकटा भाऊ सोपान साथीत गेला होता. सोपान माळाच्या टोकाला एकट्या खोपीत तापाने पडला, तेव्हा रखमाजी रोज दोन वेळा पाणी आणि भाकरी नेऊन दारापासून दहा पावलांवर ठेवी, हाक मारी आणि ओ आली की माघारी फिरे. घरात लहान लेकरे होती, म्हणून तो आत गेला नाही. तिसऱ्या दिवशी ओ आली नाही. गावात परतल्यापासून रखमाजी भिंतीकडे तोंड करून बसला तो बसलाच. बोलणे सुटले होते, आता अन्नही सुटू लागले होते.

त्याची बायको गोजरबाई एके सकाळी देवळात आली आणि पायरीखाली उभी राहिली. माणकोजीबुवा तेव्हा इथले विणेकरी होते. साठी उलटलेली, पांढरी दाढी, आणि सारे गाव त्यांच्या शब्दात. गोजरबाई त्यांना म्हणाली, “बुवा, साथीनं एक दीर नेला. आता साथ न्हाई तरी नवरा चाललाय. माझी लेकरं कुणाच्या तोंडाकडं बघत्याल?”

 बुवांनी होळीतून निघालेल्या वाट्या एका पाटीत भरल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि ते तिच्या मागे चालू लागले. कासाराच्या अंगणात न थांबता ते थेट आत गेले. चार महिन्यांत दुसऱ्याच्या घरात शिरलेला तो पहिला माणूस, असे म्हणतात. रखमाजीने मान वळवली नाही. बुवांनी पाटी खाली ठेवली. जोड्या लावून द्याव्यात, एवढेच सांगून ते निघतील असे गोजरबाईला वाटले. पण ते रखमाजीच्या पाठीमागे खाली बसले.

“रखमाजी,” ते म्हणाले, “तुझ्या भावाला ताप भरला त्या दिवशी मी देवळात दिवा लावायला आलो होतो, आधी तो तिथंच आला. खोपीत वहिनी आहे, लेकरं आहेत, मला मंडपात पडू द्या म्हणाला. देव बाटेल म्हणून मी दार लावून घेतलं. त्यानंतर तो माळाच्या टोकाला गेला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. विणा गळ्यात असते माझ्या, पण नाम घेताना मला ते दार दिसतं.”

रखमाजी तेव्हा वळला. महिनाभर गप्प असलेल्या त्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो शिवीचा. ती शिवी मी देवापुढे उच्चारणार नाही. एकामागून एक त्याने बुवांना पुष्कळ ऐकवले. तोंड दाखवू नका म्हणाला, चालते व्हा म्हणाला. बुवा हात जोडून ऐकत होते. उंबऱ्यात उभी असलेली गोजरबाई पदर तोंडाशी धरून रडत होती, आणि ते रडे आनंदाचे होते असे सांगतात, कारण घरात पुन्हा आवाज झाला होता.

बुवा उठून गेले. पाटी राहिली. दुपार कलल्यावर आळीतल्या लोकांना कासाराच्या घरातून काशाचा नाद ऐकू आला. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. रखमाजी एकेक वाटी वाजवून कानाशी धरत होता. तडकलेल्या वाट्या त्याने बाजूला टाकल्या. गोजरबाईने भाकरी पुढे ठेवली, तेव्हा त्याने वाटी खाली न ठेवता एका हाताने भाकरी मोडून खाल्ली म्हणे.

चैत्रातल्या कामदा एकादशीला सकाळी तो पाटी घेऊन देवळात आला. कासाराने टाळ आणले ही वार्ता फिरली आणि लोक आले; आले ते नेहमीसारखे लांब लांब उभे राहिले. पाटीत पाहतात तो वाट्या सुट्याच. पाटलांनी विचारले, दोऱ्या का ओवल्या नाहीत?

रखमाजी म्हणाला, “दोरी ओवली की माणूस एकटाच वाजवीत बसतो. चार महिने आपण तेच केलं. एकेक वाटी घ्या. जिच्याशी नाद जुळेल ती शोधा, आन् तिथंच बसा.”

लोक घुटमळले. एकाने वाटी उचलली, मग दुसऱ्याने. पण दुसऱ्याच्या वाटीवर आपली वाटी वाजवायची तर हाताच्या अंतरावर जावेच लागे. बेसूर टण्ण् असा आवाज झाला, की ‘नाही’ अशी मान हलायची आणि माणूस पुढच्याकडे जायचा. थोड्याच वेळात मंडपभर माणसे एकमेकांत फिरू लागली. पाटलांची वाटी नेमकी आन्याबा तेल्याच्या वाटीशी जुळली. दोघांचा बांधावरून सहा वर्षे तंटा चालू होता. आन्याबा म्हणाला, “पाटील, एवढं सगळं गाव असताना तुम्हाला मीच गावलो का?” आणि त्या मंडपात चार महिन्यांनी हसू उमटले.

जोड्या जोड्यांनी माणसे बसली. टाळ हातात होते, पण नाम सुरू होईना. मग कोणीतरी शेजाऱ्याच्या कानाशी लागून आपल्या पोटातले सांगितले. ऐकणाऱ्याने आपले सांगितले. मंडपभर हलकी कुजबूज पसरली. कोणी कोणाला क्षमा केली नाही, उपदेशही केला नाही. नुसते ऐकून घेतले. आजोबा म्हणत, देवाने त्या दिवशी स्वतःही तेवढेच केले.

शेवटी दोन वाट्या उरल्या. एक रखमाजीच्या हातात होती, दुसरी पाटीच्या तळाशी. पाटीजवळ कोणी जाईना. माणकोजीबुवा विणा घेऊन खांबापाशी उभे होते. विणेकऱ्याने टाळ घ्यायचा नसतो आणि विणा जमिनीला टेकवायची नसते. बुवांनी इकडेतिकडे पाहिले आणि गळ्यातली विणा काढून गोजरबाईच्या हाती दिली. बाईच्या हाती विणा गेल्याचे या गावाला तोवर ठाऊक नव्हते. मग त्यांनी पाटीतली वाटी उचलली आणि ते रखमाजीपुढे येऊन उभे राहिले.

त्या दोन वाट्यांच्या खऱ्या जोडीदार वाट्या होळीत तडकल्या होत्या. रखमाजीला हे घरीच कळले होते. कासाराचाच कान तो. बुवांनी वाटी पुढे धरली. त्याने वाजवली. नाद फाटका निघाला. साऱ्या मंडपाला ते कळले.

रखमाजीने पुन्हा एकदा वाजवून पाहिले. “जुळत न्हाई, बुवा,” तो म्हणाला.

“नाही जुळत,” बुवा म्हणाले.

“बसा,” रखमाजी म्हणाला, आणि आधी तो खाली बसला.

गोजरबाईने तार छेडली आणि आसणगव्हाणात पुन्हा नाम सुरू झाले.

आजही कामदा एकादशीला या वाट्या खुंट्यांवरून काढून पाटीत मिसळतात आणि न पाहता एकेक उचलतात. विणा त्या दिवशी बाईच्या हाती असते. जोडी जुळली की भजनाआधी शेजाऱ्याला वर्षभरात पोटात राहून गेलेले एक तरी सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही, असा नेम आहे. अलीकडे जगभर साथ येऊन गेली. तेव्हा दोन वर्षे देऊळ बंद होते. तिसऱ्या वर्षी दार उघडले. सकाळी सहाला टाळ वाटले गेले. पहिला अभंग सुरू व्हायला दुपारचे तीन वाजले. विणा घेतलेली बाई तोवर उभी होती, आणि कोणीही कोणाला आवरते घ्या म्हटले नाही.