बकूचे कोरडे डोळे आणि दहिवरा परी

डोंगर जिथे निळा व्हायचा थांबतो आणि हिरवा व्हायला लागतो, बरोबर तिथे ओंबीपूर नावाचं एक इवलंसं गाव होतं. गावाभोवती पोपटी भातखाचरं, खाचरांवर पांढरेशुभ्र बगळे आणि बगळ्यांवर कापसासारखे ढग. पण गावाच्या टोकाला चुरमुऱ्यांची भट्टी होती ना, तिथे मात्र रंग दोनच होते. एक राखेचा आणि एक धुराचा.

त्या भट्टीमागच्या खोपटात बकुळा आपल्या आईजवळ राहायची. तिला सगळे बकू म्हणायचे. बाबा तर ती पाळण्यात असतानाच देवाघरी गेलेले. आई, म्हणजे सारजा, मोठ्या कढईत तापलेल्या वाळूत तांदूळ टाकायची. तडतड तडतड! एका दाण्याची एक टपोरी, पांढरी कळी उमलायची. मग बकू चाळणी हलवून वाळू खाली पाडायची आणि चुरमुरे टोपलीत भरायची. तिच्याकडे एकच परकर होता, त्याला तीन रंगांची ठिगळं होती आणि बकूला ती ठिगळंच जास्त आवडायची.

आता बकूचं दुखणं सांगते. तिचे डोळे कोरडे होते. अगदी ठणठणीत कोरडे! सकाळी पापण्या एकमेकींना चिकटून बसायच्या. दुपारी डोळ्यांत खडा गेल्यासारखं खुपायचं, पण खडा काही सापडायचा नाही. संध्याकाळी नुसती चुरचुर. आणि गंमत बघा, दुखणं आलं ते नेमकं अशा मुलीला, जिला सगळं बघायचं असायचं! मुंगी आपल्या मिशा कशी पुसते, चिमणीच्या पिल्लाची जीभ कोणत्या रंगाची असते, गवताच्या फुलाला पाकळ्या किती. बघता बघता डोळे जळायला लागायचे, ती ते गच्च मिटायची आणि उघडेपर्यंत मुंगी पसार. बकूला फार वाईट वाटायचं. हे जग इतकं छान आहे आणि आपल्याला ते अर्धंच बघायला मिळतंय, असं तिला वाटायचं.

उपाय काय कमी झाले? तुळसाकाकूंनी तिच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासली, अगदी तळवे काळे होईपर्यंत. कुणी काकडीच्या चकत्या ठेवल्या, कुणी धणे भिजवलेलं पाणी पाजलं. आईने तर तीन कोस चालून बाजारातून गुलाबपाणी आणलं. आणि दगडूमामांची अक्कल बघा! ते म्हणाले, "डोळ्यांत पाणी यायला हवं ना? मग त्यात काय एवढं, कांद्याचा रस घाला!"

प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी विचारायचा, "काय गं बकू, उतार पडला का?"

आणि बकू हसून म्हणायची, "हो, बरंच बरं वाटतंय!"

का माहीत आहे? कारण तिचं मन फार मऊ होतं. एवढ्या मायेने कुणी वाटी घासली, एवढं चालून कुणी गुलाबपाणी आणलं, त्यांना 'काही फरक नाही' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? कांद्याच्या रसाने ती दिवसभर तळमळली होती, तरी दगडूमामांनाही तिने 'बरं वाटतंय' असंच सांगितलं. त्यामुळे ओंबीपुरात ज्याला त्याला वाटायचं, बकूला गुण आला तो आपल्याच हातचा.

एक दिवस बकू टोपली घेऊन जंगलात गेली. भट्टीला जळणासाठी पालापाचोळा लागायचा. दुसरं कुणी असतं तर दोन हातांनी पानं गोळा करून टोपलीत कोंबली असती. बकू मात्र एकेक पान उचलायची, उलटं करायची आणि खाली कुणी राहत नाही ना ते बघायची. किडा असला तर त्याला हळूच दुसऱ्या पानावर ठेवायची. डोळे चुरचुरत होते, तरी तिने एकही पान न बघता टाकलं नाही.

सागाचं एक भलंमोठं तांबूस पान तिने उलटलं आणि खाली चक्क एक परी झोपलेली! अंगठ्याएवढी. अंगावर मोरपंखी झगा, पाठीवर चार पारदर्शक पंख आणि केसांत दवाच्या थेंबांची इवली इवली माळ.

परी डोळे चोळत उठली. पान बघितलं, टोपली बघितली आणि दचकून म्हणाली, "अगं बाई! तू उलटून बघितलं नसतंस, तर मी आज भट्टीत गेले असते!"

"मी नेहमीच बघते," बकू म्हणाली. "तुम्ही कोण, परीताई?"

"मी दहिवरा. आणि तू माझा जीव वाचवलास, म्हणून तुला तीन इच्छा. माग!"

बकूला विचार करावाच लागला नाही. "माझे डोळे बरे करा ना! मला सगळं बघायचंय."

दहिवरा तिच्या नाकावर येऊन बसली आणि दोन्ही डोळ्यांत डोकावली. "हं. हे काही एका फुंकरीचं काम नाही गं. डोळे म्हणजे काय पाटी आहे, पुसली की स्वच्छ? तीन इच्छा म्हणजे तीन उपाय. पण अट आहे. एका वेळी एकच उपाय, पुरते सात दिवस. आठव्या सकाळी इथे यायचं आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून साखर घोळून सांगितलंस, तर उरलेले उपाय त्याच क्षणी विरून जातील. आणि एकदा अट घातली की माझ्या हातात नसतं ते, मीही विरून जाईन."

बकूने उपायाबद्दल खरं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. बाकी काहीही जमलं असतं, पण हे?

पहिला उपाय होता दवाचे थेंब. गुंजेएवढ्या लालचुटूक कुपीत परीने ते भरून दिले. थेंब पडला की डोळ्यांत गारेगार चांदणं उतरल्यासारखं वाटायचं. पण एक टोपली चाळून होते न होते, तोच पुन्हा चुरचुर.

त्याच आठवड्यात शेजारच्या घरातून रडण्याचा केवढा आवाज आला! बकू धावत गेली. बघते तर दोन वर्षांची रंगी डोळे चोळून चोळून लाल झालेली आणि तिची आई घाबरून पाणी मारतेय. रंगीचे डोळे जरा आले होते, म्हणून तिच्या आईने कांद्याचा रस घातला होता. ती म्हणाली, "दगडूमामा म्हणाले, बकूला यानेच गुण आला."

 बकूचा गोड शब्द तिच्या पाठीमागे गावभर फिरला होता आणि रंगीच्या डोळ्यांत जाऊन पडला होता. तिला इतकी लाज वाटली की काही विचारू नका. ती संध्याकाळपर्यंत रंगीला कडेवर घेऊन बसली. रंगीची आग शमली, पण बकूच्या मनातली काही शमली नाही.

आठवी सकाळ उजाडली. दहिवरा पानावर वाटच बघत होती, हात जोडून, डोळे लुकलुकवत. "काय झालं? काय झालं माझ्या थेंबांचं?"

तिचा तो आनंदी चेहरा बघून बकूच्या ओठांवर अगदी आलंच होतं, "हो, बरंच..." पण रंगीचे लाल डोळे आठवले. 

"परीताई, थेंब घातला की छान वाटतं. पण एक टोपली चाळेपर्यंतच. मग परत तसंच."

परीचे पंख खाली झुकले. बकूला वाटलं, झालं, दुखावली ही! पण पुढच्याच क्षणी परीने टुणकन उडी मारली. "एकच टोपली? आणि आधी कोणता डोळा चुरचुरतो? वारा होता का? सकाळी कसं आणि दुपारी कसं? सांग ना, सांग!"

बकू बघतच राहिली. उपाय सांगणारे खूप भेटले होते, पण असं खोदून खोदून कुणी विचारलंच नव्हतं.

"अगं, तीनशे वर्षं मी लोकांना उपाय देतेय," दहिवरा म्हणाली. "सगळे म्हणतात, छान वाटतंय. मग मला कळणार कसं, काय लागू पडतं आणि काय नाही ते? म्हणून तर या वेळी पहिल्यांदाच अट घातली."

दुसरा उपाय होता हंसाच्या पिसाची एक घडी. ती सदैव उबदार राहायची. परी म्हणाली, "पापण्यांच्या कडेला तेलाच्या चिमुकल्या बुधल्या असतात. त्यांतलं तेल पाण्यावर पसरतं, म्हणून पाणी उडून जात नाही. तुझ्या बुधल्या थिजल्यात, थंडीत तूप थिजतं ना तशा. रोज सकाळी ही घडी मिटल्या डोळ्यांवर ठेव."

सात दिवस बकूने घडी ठेवली आणि स्वतःकडे बारीक लक्षही ठेवलं. आता तिला मजाच वाटायला लागली होती. आठव्या दिवशी तिच्याकडे सांगायला केवढं तरी होतं! "परीताई, पापण्या चिकटत नाहीत आता. आणि मला एक नवीनच कळलं. मी मुंगी बघत बसले की पापण्या मिटायच्याच विसरते. मनात शंभर मोजेपर्यंत एकदाही मिटल्या नाहीत!"

"हे तर मलाही ठाऊक नव्हतं!" परी आनंदाने गिरकी घेत म्हणाली. "मग बघताना पापण्या मिटत जायचं, फुलपाखरासारख्या. आणि दुपारी कसं असतं?"

बकू म्हणाली, "दुपारी... जरा खुपतं."

"दुपारी तू काय करतेस?"

दुपारी ती भट्टीशेजारी चाळत असायची. धगीकडे तोंड करून, धुरात. ते आता तिला पुरतं कळलं होतं. पण हे सांगायचं म्हणजे आईच्या भट्टीला नाव ठेवायचं. त्याच भट्टीवर दोघींची पेज शिजायची.

"काही नाही," बकू पुटपुटली.

आणि दहिवराच्या झग्याचा मोरपंखी रंग फिका पडायला लागला. पंखांतून पलीकडची झाडं दिसायला लागली.

"नाही, नाही, थांबा!" बकू ओरडली. "सांगते! भट्टीच्या धगीने होतं. धुराने होतं. पण आईला कळलं तर तिला फार वाईट वाटेल हो!"

रंग सावकाश परत आला. परी मऊ आवाजात म्हणाली, "वाटेल. पण त्या धगीवरचा उपाय माझ्या झोळीत नाही, बाळ. तो तुझ्या आईच्या हातात आहे. घरी जा आणि तिला सांग. तिसरी इच्छा मग बघू."

बकू पाय ओढत घरी आली. आई कढई उतरवत होती. बकूने तिचा पदर धरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गुलाबपाण्याने काही झालं नव्हतं. वाटीनेही नाही. कांद्याने तर मुळीच नाही. दुपारी भट्टीजवळ डोळे जळतात, रोज.

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. "अगं, मग इतके दिवस बरंय, बरंय का म्हणत होतीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटू दे की मग! मी आई आहे ना तुझी? माझ्या लेकराचं दुखतंय आणि मला माहीतच नाही, यापेक्षा वाईट ते काय?" असं म्हणून तिने बकूला पोटाशी धरलं. मग जरा वेळाने हळूच म्हणाली, "माझेही जळतात गं. किती वर्षं झाली. मी तरी कुठे तुला सांगितलं?"

बकूने आईच्या डोळ्यांत नीट वाकून बघितलं. ते तिच्याइतकेच लाल होते. सगळं जग बघायला निघालेल्या मुलीने हे काही बघितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मायलेकींनी कारवीच्या काठ्यांचा कूड उभा केला आणि शेणामातीने लिंपला. भट्टी कुडाच्या एका बाजूला, चाळणी दुसऱ्या बाजूला. धूर बाहेर जायला वर खिडकी केली. तांदूळ भाजायचंही दोघींनी थोडं थोडं वाटून घेतलं, मध्ये मध्ये बाहेर येऊन गार पाण्याने तोंड धुवायचं ठरवलं.

सात दिवसांनी बकू उड्या मारत जंगलात गेली.

"कसं वाटतंय?" परीने विचारलं.

"सकाळी छान. दुपारीही पुष्कळ बरं. संध्याकाळी वारा सुटला की अजून चुरचुरतं, पण आधीच्या चतकोरच. अगदी गेलं नाहीये, परीताई."

"अगदी जाणारही नाही कदाचित," दहिवरा म्हणाली. "थेंब, घडी, कूड, सगळं जपत राहावं लागेल. पण आता तुझी शेवटची इच्छा माग. माझ्याकडे आणखी एक नामी उपाय आहे."

"तो माझ्या आईला द्या," बकू चटकन म्हणाली. "मला दोन मिळाले. तिला एकही नाही."

 परीने केसांतून मोहरीएवढा एक गुलाबी शिंपला काढला. "डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक इवलीशी मोरी असते. पाणी तिथून निघून जातं. म्हणून तर रडलं की नाक वाहतं! त्या मोरीला मोत्याचा कण लावला की डोळ्याचं पाणी डोळ्यातच राहतं." तिने शिंपला उघडला. आत चार कण चमचमत होते. "आईला दोन पुरे. पण एका शिंपल्यात निघतात चार, त्याला मी काय करू? उरलेले दोन आता परत कुठे ठेवत बसू?"

आणि बकूला कळायच्या आत तिच्या दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांत गार, हळुवार असं काहीतरी टेकलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत तिचं स्वतःचं पाणी भरून आलं. सगळं जंगल ओलं, हिरवंगार, झळझळीत दिसायला लागलं. पानाची एक शीर नि एक शीर!

दहिवराने आईसाठीचे दोन कण तिच्या मुठीत ठेवले. "मी निघते आता. अजून खूप जणांकडे जायचंय आणि आता मला विचारायचं कसं ते कळलंय. बकू, मी गेल्यावर तुला कसं वाटेल गं?"

बकू हसली नाही. तिने परीकडे सरळ बघितलं.

"वाईट वाटेल," ती म्हणाली. "खूप दिवस वाटेल."

परीला इतका आनंद झाला की ती लख्ख उजळली. आधी सोनेरी, मग शेंदरी, मग जांभळी आणि शेवटी नुसता पांढरा, मऊ उजेड झाडाझाडांतून पसरत गेला. बकू मधून मधून पापण्या मिटत, उघडत, शेवटचा कण विरेपर्यंत तो उजेड बघत राहिली.