टिटवीला बोलावणं नव्हतं

माणसाने रानाला कुंपण घालण्याच्याही आधीची गोष्ट. रानात तळं एकच, आणि त्यात रानम्हशी दिवसभर डुंबत. ससे, साळिंदरं, तितर यांच्या वाट्याला उरे तो चिखल. तेच पाणी पिऊन टिटवीचं पिल्लू दगावलं. तेव्हापासून ती रोज पहाटे काठावर उभी राहून ओरडे, "सकाळचं पाणी लहानांना सोडा."

"बाई, तुमचं अगदी खरं आहे," ससा कुजबुजे, "फक्त आमचं नाव घेऊ नका."

"मुद्दा रास्त आहे," तितर म्हणे, "पण आवाज फार कर्कश."

हळूहळू तिच्या शेजारी उभं राहणंही सगळ्यांनी सोडलं.

अखेर थोरली म्हैस वैतागली. "मेली डोळ्याला डोळा लागू देत नाही," असं म्हणत तिनं कळप दुपारपर्यंत तळ्याबाहेर ठेवायचं कबूल केलं.

दुसऱ्याच दिवशी रानानं सभा भरवून म्हशीच्या औदार्याचा सत्कार केला. टिटवीला बोलावणं नव्हतं. मंगलप्रसंगी तिचा आवाज अशुभ, असं तितराचं मत पडलं.

टाळ्या ऐकू येत होत्या तेव्हा टिटवी रिकाम्या काठावर आली. पाणी तळापर्यंत नितळ होतं. घसा भिजेपर्यंत ती प्यायली आणि डोंगरापलीकडच्या तळ्याकडे उडाली. तिथेही म्हशी आहेत, असं तिच्या कानावर आलं होतं.