उरलेला बोल्ट

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक मिस्त्री होता आणि त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, "चालतंय की!"

मिस्त्रीचं नाव निवृत्ती. गावात काहीही बिघडलं की ते त्याच्या दारात यायचं. ट्रॅक्टर यायचा, मोटरसायकल यायची, एकदा तर देवळातला कर्णाही आला होता. निवृत्ती वस्तू उघडायचा, आत डोकावायचा, जे नसेल त्याच्या जागी हाताशी असेल ते बसवायचा आणि हात पुसत म्हणायचा, "चालतंय की!" या दोन शब्दांचे दोन अर्थ होते. एक, यंत्र चालू झालंय. दुसरा, एवढं चालवून घ्या. कोणत्या वेळी कोणता अर्थ असायचा हे निवृत्तीला स्वतःलाही सांगता आलं नसतं. लोक विचारतही नसत.

कुरकुर करायची ती फक्त त्याची बायको, गोदा. तिची घरघंटी निवृत्तीने मोटर दुरुस्त करायला गॅरेजात नेऊन आणली, तेव्हापासून ती नाचायला लागली होती. ज्वारी टाकताना ओट्याजवळ असायची, पीठ होईस्तोवर उंबऱ्याशी पोचलेली असायची.

"अवो, ही एक दिवस एस्टी धरून जाईल. जरा बघा की."

"पीठ पडतंय न्हवं?"

"पडतंय."

"मग? चालतंय की!"

त्याच गावात इंगवले तात्या राहायचे. जन्मभर त्यांनी जहाजांची इंजिनं सांभाळली होती. तरुणपणी जपानच्या एका बंदरात त्यांनी एक लाल, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स गाडी पाहिली आणि तिच्यावर त्यांचा जीव जडला. पुढे त्यांनी ती बोटीत घालून थेट गावी आणली. या गाडीचे दिवे झाकणाखाली लपलेले असत. बटण दाबलं की झाकणं उघडून दोन्ही दिवे वर यायचे, झोपलेल्याने डोळे उघडावेत तसे. गावाने तिचं नाव ठेवलं बेडकी. काही वर्षं बेडकी मजेत धावली, मग बंद पडली आणि गोठ्यात गेली. तिच्या ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी नेमाने अंडी घालू लागली.

मग तात्यांची मुलगी शर्वरी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. नात बघताच तात्यांनी जाहीर करून टाकलं, "ही आपल्या घरी जाईल ती बेडकीतनंच. घाट मी उतरवणार!"

शर्वरीचा नवरा घाटाखालच्या बंदरात नोकरीला होता. बाळ पाच महिन्यांचं झालं की निघायचं ठरलं. गोठ्यातली कोंबडी उठवली गेली आणि बेडकी निवृत्तीच्या गॅरेजात आली.

निवृत्तीने जीव ओतून काम केलं, हे कबूल करायला हवं. इंजिन उतरवलं, घासलं, पुन्हा चढवलं. ब्रेक नवे केले. गाडीचं पुस्तक जपानीत होतं, तेव्हा तो चित्रं बघून काम करायचा. आठवडाभर एक पान तो उलटं धरून वाचत होता, पण तेही कसंबसं जुळलं. काही भाग तात्यांच्या जुन्या मित्रांनी परदेशातून पाठवले. जे आले नाहीत त्यांची सोय निवृत्तीने केली. पंख्याचा पट्टा ट्रॅक्टरचा बसवला. डाव्या दिव्याला छत्रीची स्प्रिंग लावली. एका जागी नट अडवून धरायला लहानशी पिन हवी होती, ती येईपर्यंत गोदाच्या अंबाड्यातला आकडा घातला.

"तात्पुरता हाय," त्याने स्वतःला बजावलं. पिनेचं पाकीट आलं, खिडकीत ठेवलं गेलं, आणि त्यावर एक पाना, मग एक फडकं, मग चहाचा कप आला.

पहिल्या फेरीला बेडकी झोकात निघाली. फक्त खड्डा आला की तिचा डावा डोळा आपोआप उघडायचा आणि मिटायचा. एसटी स्टँडवर ग्रामसेविका उभ्या होत्या. गाडीने त्यांच्याकडे बघून झकास डोळा मारला.

"तात्या, या वयात?" त्या म्हणाल्या.

"बाई, मी नाही हो, गाडी!" तात्या कळवळून म्हणाले. कुणाचा विश्वास बसला नाही.

"चालतंय की," शेजारी बसलेला निवृत्ती म्हणाला.

निघायच्या चार दिवस आधी त्याने गॅरेज झाडलं, आणि बाकाखाली त्याला एक बोल्ट सापडला. दणकट, करड्या रंगाचा. निवृत्तीने तो उचलून उजेडात धरला. सगळी गाडी जोडून झाली होती आणि हा उरला होता.

त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. वाकून बघितलं. मोकळं भोक कुठे दिसेना. मग मनाची समजूत घालणं सुरू झालं. जपानी लोक हुशार, एखादा बोल्ट जास्तीचाच घालत असतील. किंवा दुसऱ्या कुठल्या गाडीचा असेल. आणि समजा याच गाडीचा असला, तरी एवढे शेकडो बोल्ट आत आहेत, ते काय झोपा काढतायत?

तरी त्याने बोल्ट फडक्यात गुंडाळला, घरी नेला आणि गोदाला म्हणाला, "जपानचा पार्ट हाय. सोडू नगं. जपून ठेव."

गोदाच्या घरात जपून ठेवायची जागा एकच, देव्हारा. दुसऱ्या दिवशी निवृत्ती आंघोळ करून देवासमोर हात जोडायला गेला, तर बाळकृष्णाच्या शेजारी ती पुरचुंडी बसलेली. तिलाही कुंकू लागलेलं, डोक्यावर जास्वंदीचं फूल. निवृत्तीला देवाकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे मिटूनच नमस्कार केला.

या चार दिवसांत शर्वरी रोज बाळाला घेऊन गॅरेजात यायची. प्रश्न विचारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाळाचा चमचा ती तीनदा उकळायची आणि तिसऱ्यांदा उकळला की दुसऱ्यांदाच, याची तिला खात्री नसायची, म्हणून चौथ्यांदाही उकळायची. गॅरेजात ती ब्रेकबद्दल विचारायची, पट्ट्याबद्दल विचारायची, मग ओशाळून म्हणायची, "मला माहितीये काका, मी जरा जास्तच विचारते. मला स्वतःचाच कंटाळा आलाय."

"बाळंतिणीचं मन असंच असतंय, ताई," निवृत्ती म्हणायचा. "काळजी करू नका. चालतंय की!"

निघायचा दिवस उजाडला. बेडकीला झेंडूचा हार चढला. चाकांखाली लिंबं ठेवली गेली. निम्मं गाव जमलं. तात्या गॉगल घालून स्टेअरिंगवर बसले. शेजारी शर्वरी, तिच्या मांडीवर बाळ. नारळ फोडायचा मान मिस्त्रीचा. निवृत्तीने सकाळीच देव्हाऱ्यातली पुरचुंडी गुपचूप उचलून खिशात टाकली होती. का, ते त्याला माहीत नव्हतं. घरी ठेवून निघवत नव्हतं एवढं खरं.

त्याने नारळ वर उचलला, तेवढ्यात शर्वरीने खिडकीतून हाक मारली.

"काका, एकच शेवटचं. गाडी चालेल ना? म्हणजे... चालेल, की चालून जाईल?"

लोक हसले. तात्यांनी कपाळाला हात लावला. निवृत्तीने सवयीने तोंड उघडलं. ते दोन शब्द रोज आपसूक बाहेर यायचे. आज ते आले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी त्यांतला नेमका कोणता अर्थ, ते विचारलं होतं. बाळ खिडकीतून त्याच्याकडे बघत होतं आणि स्वतःची मूठ चोखत होतं.

निवृत्तीने नारळ खाली ठेवला. खिशातून पुरचुंडी काढून सोडली.

"तात्या, एक बोल्ट उरलाय," तो म्हणाला. "कुठला, ते मला म्हाईत न्हाई."

 कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसण्याची लाट उसळली. गावातला एकमेव मिस्त्री, देवळाचा कर्णा बोलता करणारा, आणि त्याच्या हातात उरलेला बोल्ट! निवृत्तीचे कान तापले. या घटकेनंतर आपल्याकडे सायकलची हवा भरायलासुद्धा कुणी येणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं.

तात्यांनी गॉगल वर केला. हार चढला होता, वेळ झाली होती. "एवढा एक बोल्टच ना?" ते म्हणाले. "अरे, शेकड्यांत एक उरला तर काय बिघडतं? चालतंय की!"

"चालतंय की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"चालतंय की!" सगळं गाव म्हणालं.

आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून कसं वाटतं, ते निवृत्तीला त्या दिवशी कळलं. तात्यांनी किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं. निवृत्ती सरळ जाऊन गाडीच्या पुढच्या चाकासमोर फतकल मारून बसला. लिंबू त्याच्या खालीच फुटलं.

"न्हाई चालत!" तो ओरडला. "मी जोडलीय, मीच सांगतोय. न्हाई चालत!"

गाडीचं दार उघडलं. शर्वरी बाळाला घेऊन खाली उतरली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, हार काढा."

बेडकी पुन्हा गॅरेजात गेली. या वेळी शर्वरीही बाळाला झोळीत टाकून तिथेच बसली. निवृत्ती भाग सोडवायचा, शर्वरी प्रत्येक बोल्ट वेगळ्या वाटीत ठेवायची आणि वाटीवर चिठ्ठी चिकटवायची, बाळाच्या औषधांच्या बाटल्यांवर चिकटवायची तशी. गोदाच्या घरातल्या झाडून साऱ्या वाट्या गॅरेजात आल्या. दोन दिवस इंगवल्यांनी आणि मिस्त्रीने आमटी ताटात ओतून खाल्ली. दाराशी बघे जमायचे आणि विचारायचे, "काय मिस्त्री, आणि किती उरले?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे बोल्ट आपापल्या जागी परत गेले. एकही भोक मोकळं राहिलं नाही. तो करडा बोल्ट मात्र तसाच उरला.

निवृत्ती बाकावर बसला. "म्हंजी ह्या गाडीचा न्हवताच," तो म्हणाला. "उगाच अब्रू घालवली मी."

"माझ्या प्रश्नामुळे झालं हो हे," शर्वरी रडवेली झाली. मग सवयीने तिने पुस्तकातल्या चित्रांवरून केलेली यादी पुन्हा वाचली. "काका, एक राहिलंय. स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडलाय तिथला नट. तो आपण उघडलाच नाही."

"त्यात काय न्हाई. त्याला नुसती पिन..." निवृत्ती बोलता बोलता थांबला. खिडकीतला चहाचा कप त्याला दिसला. कपाखाली फडकं, फडक्याखाली पाना, पान्याखाली पाकीट.

तो गाडीखाली शिरला. आकडा मोडून त्याचे दोन तुकडे झाले होते. नट त्याने पान्याने सोडवलाच नाही. नुसती दोन बोटं लावली, तर तो फिरत फिरत हातात आला. शेवटच्या दोन आट्यांवर तो टेकून होता. घाटाचं पहिलं वळण त्याने कदाचित घेतलं असतं. दुसरं घेतलं नसतं.

निवृत्ती गाडीखालून बाहेर आला. त्याने आधी झोळीत झोपलेल्या बाळाकडे बघितलं. शर्वरीला काही सांगावं लागलं नाही. तिने त्याच्या तळव्यावरचा नट बघितला आणि झोळीची दोरी घट्ट धरली.

तेवढ्यात गोदा वाट्या न्यायला आली. "ह्यो माझा आकडा," ती तुकडे बघून म्हणाली. मग तिची नजर बाकावरच्या बोल्टावर गेली. "आणि ह्यो तर माझ्या घरघंटीच्या पायाचा! दोन महिने झालं हुडकतीय. कुठं गावला?"

निवृत्तीने रिकामं फडकं दाखवलं.

गोदाने ते ओळखलं. "म्हंजी चार दिवस मी घरघंटीच्या बोल्टाला फुलं वाहिली?"

"फळली की," निवृत्ती हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खरी पिन बसली. या वेळी ना हार होता, ना गर्दी. शर्वरीने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि या वेळी ओशाळली नाही. निवृत्तीने तिच्यादेखत नट हलवून बघितला, पिन बघितली, चारी चाकं बघितली. मग म्हणाला, "चालंल, ताई." बस, एवढंच. बेडकी घाटाच्या दिशेने निघाली. वेशीवरच्या गतिरोधकावर तिने निरोपादाखल एकदा डावा डोळा मारला. ती स्प्रिंग शर्वरीने मुद्दाम बदलू दिली नव्हती.

गोदाची घरघंटी आता जागची हलत नाही. निवृत्तीची गिऱ्हाइकं आठवडाभर हसली आणि मग परत आली, उलट आधीपेक्षा जास्त. काम झाल्यावर कुणी विचारलं, "मिस्त्री, चालतंय न्हवं?" तर निवृत्ती म्हणतो, "थांब. पुन्हा एकदा बघून सांगतो."

तात्पर्य: मनातली शंका लोक हसले तरी बोलून दाखवावी. ती खोटी ठरली, तरी तिच्या निमित्ताने खरी चूक सापडते. आणि जे काम 'चालून जाईल' म्हणून सोडलं, ते संपलं असं कधी समजू नये.