ढोलीतली राणी आणि खिम्याचे गोळे

एका राज्यात, सात डोंगरांच्या पलीकडे, धरणीपाल नावाचा राजा होता. राजा शूर, राजा न्यायी, पण जिभेचा गुलाम! मुदपाकखान्यात वीस आचारी होते, तरी खिम्याचे गोळे मात्र राणी कमळजेनेच करावेत, असा त्याचा हट्ट. राणी पाट्यावर खिमा बारीक वाटी, आलं, लसूण, मिरची घाली, डाळ्याचं पीठ लावी, तळहाताला तेल चोळून गोळे वळी आणि उकळत्या रश्श्यात एकेक सोडी. एकदा गोळे सोडले की पातेल्यात पळी घालायची नाही, नाहीतर फुटतात. पातेलंच दोन्ही हातांनी धरून हलवायचं. बारा वर्षं राणीने असे गोळे केले आणि बारा वर्षं राजाने बोटं चाटून खाल्ले. दृष्ट लागावी असा संसार होता, आणि ती लागलीच.

एकदा राजाने लढाई जिंकली. त्या विजयाच्या मेजवानीला काळजट नावाचा मांत्रिक आला, तोही पंगत उठता उठता. राणीने पातेल्याच्या तळाला उरलेले गोळे त्याला वाढले. ते फुटलेले होते. मांत्रिकाने ताट लाथाडलं.

"फुटके गोळे? आणि मला?"

राजाने काय करावं? तो सगळ्यांदेखत राणीलाच म्हणाला, "पाहुण्याला असं वाढतात का?"

राणी खाली मान घालून उभी राहिली. मांत्रिकाने मूठभर राख फुंकली. "राणी, तू धनेश पक्ष्याची मादी हो आणि झाडाच्या ढोलीत चिणली जा. चार बोटांची फट तेवढी उघडी राहील. नवऱ्याने स्वतः रांधून वाढलेले, तुझ्या मनाजोगते गोळे खाशील, तेव्हा सुटशील. तीन वेळा वाढता येईल. चुकलं की फट मिटत जाईल, आणि तिसऱ्यांदा मिटली की कायमची."

एवढं बोलून तो कौलांतून धूर जावा तसा निघून गेला. राणीच्या जागी तिच्या बांगड्या पडल्या होत्या.

वेशीबाहेर बेहड्याचं जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत राणी चिणली गेली. राजा रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागला. फटीतून पिवळ्या चोचीचं टोक दिसे, बाकी काही नाही. राजा तिला दरबारच्या गोष्टी सांगे, रडे, म्हणे, "राणी, महाल खायला उठतो गं. तुझ्या पैंजणांचा आवाज नाही तर मला घास उतरत नाही." आतून उत्तर येत नसे. जीव तुटत होता बिचाऱ्याचा, खोटं कशाला बोलू!

चुकण्याच्या भीतीने तीन वर्षं अशीच गेली. मग राजाने बाह्या सरसावल्या. पाट्यावर बोटं सोलून निघाली, डोळ्यांत मिरची गेली, आचारी, पदर नसल्यामुळे, तोंडात मुंडासं कोंबून हसले. पण गोळे झाले. झणझणीत, लाल तर्रीतले, खाताना कानांतून वाफा निघाव्या असे. राजाने द्रोण फटीशी धरला. चोचीने एक गोळा उचलला आणि तसाच बाहेर टाकला. फट मिटून दोन बोटांची झाली.

त्याच झाडावर एक म्हातारा धनेश राहत होता. तो माणसासारखा बोलत असे. वरून म्हणाला, "राजा, हे कुणाच्या आवडीचे?"

राजा म्हणाला, "माझ्या."

"वा रे शहाण्या!" धनेश म्हणाला. "माझी बायको दर साली ढोलीत बसते. मी फटीतून भरवतो. तिला उंबर आवडतं की पिंपळाचं फळ, हे मला झोपेतही सांगता येईल. तुझ्या राणीला काय आवडतं?"

राजा झाडाखालून उठला.

तो तडक महालात आला. आचाऱ्यांना विचारलं, दासींना विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी भांडी घासणारी ठकूबाई म्हणाली, "महाराज, आवडीचं काय ते मला माहीत नाही. पण राणीसाहेब सगळ्यांच्या मागून जेवायच्या, आणि कायम फुटकेच गोळे खायच्या. बारा वर्षं मी तेच बघत आले."

राजाला हर्ष झाला. सापडलं! त्याने गोळे केले, पळी घालून मुद्दाम फोडले आणि धावत झाडाशी नेले. हसू नका, त्याला खरंच तसं वाटलं होतं. द्रोण फटीशी धरला. आतून चोच बाहेर आली, गोळ्यांना शिवली नाही, द्रोणाच्या काठावर नुसती टेकून राहिली. मग आतून हुंदका आला. फट मिटून एका बोटाची झाली.

राजाने वर पाहिलं. "धनेशबाबा, माझं काय चुकलं?"

"तिला आवडत होते म्हणून ती फुटके खात नव्हती, राजा. तुला आख्खे मिळावेत म्हणून खात होती."

राजाने झाडावर कपाळ टेकलं. मग म्हणाला, "आता एकदाच वाढता येईल. तिला काय आवडतं हे जगात मला कोण सांगेल?"

"तीच सांगेल. आपण होऊन बोलायची तिला शापाने बंदी आहे. विचारलं तर उत्तर द्यायला मात्र बंदी नाही. तीन वर्षं तू रोज येतोस, इतकं बोलतोस, पण एकदा तरी तिला काही विचारलंस का?"

राजाने फटीला तोंड लावलं. "कमळजे, तुला गोळे कसे आवडतात?"

आतून राणीचा आवाज आला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"मला ठाऊक नाही, महाराज. गरम, आख्खा गोळा मी कधी खाल्लाच नाही."

राजा ढसाढसा रडला. रडणं सरल्यावर मात्र उठला आणि झाडाखालीच तीन दगडांची चूल मांडली. धनेशाने त्याला मेख सांगितली: ताटात किंवा द्रोणात दिलं तर ते वाढणं, बोटावर दिलं तर ती नुसती चव, शाप तिला मोजत नाही. मग राजाने बोराएवढा गोळा वळला, शिजवला, बोटाच्या टोकावर धरून फटीतून आत दिला.

"कसा आहे?"

"तिखट फार, महाराज."

दुसऱ्या दिवशी मिरची कमी केली. "आलं जास्त झालं." तिसऱ्या दिवशी कोथिंबीर घातली. "ही बरी लागते. आणखी घाला." रोज एक गोळा आणि रोज गप्पा. तिला पावा ऐकायला आवडतो, हत्तीवर बसायची भीती वाटते, माहेरच्या नदीची आठवण येते. बारा वर्षांच्या संसारात एवढं बोलणं झालं नव्हतं! एके दिवशी त्याने विचारल्यावर आतून आवाज आला, "हाच, महाराज. तुपात तळून वर लिंबू पिळलेला, रश्श्याशिवायचा. हाच माझा."

राजा मात्र दुसऱ्या दिवशीही बोटावरच गोळा घेऊन आला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्याने "कसा आहे?" विचारल्यावर राणी म्हणाली, "यात तुम्ही मीठच घातलं नाही."

"नाही घातलं. का, ते तुला कळलं का?"

राणी सावकाश म्हणाली, "तुम्ही भ्यालात."

"भ्यालो," राजा म्हणाला. "गोळा अळणी राहिला की वाढायचं पुढे ढकलता येतं. वाढलं आणि चुकलं, तर हा आवाजही जाईल. एवढ्याशा फटीतून का होईना, तू मला आहेस. तेवढंही गेलं तर मी कुठे जाऊ, कमळजे? तूच सांग, काय करू?"

"तुम्ही बाहेर उन्हात बसता, महाराज. मी अंधारात आहे. वाढा."

राजाने गोळे वळले. मीठ घातलं, तुपात तळले, लिंबू पिळलं. पळसाच्या द्रोणात घालून फटीशी धरले आणि डोळे मिटले. एक गोळा गेला. दुसरा गेला. द्रोण रिकामा झाला. झाडावर धनेशानेही श्वास रोखला होता.

तेवढ्यात बेहड्याची साल बुंध्यापासून तडकली, चिणलेली माती गळून पडली आणि राणी उन्हात आली. केसांत पांढरी बट, अंगावर दोन पिसं. त्याच घटकेला दूर कुठेतरी काळजटाच्या झोळीतल्या राखेतली धग विझली, ती पुन्हा कधी पेटली नाही.

राजाला वाटलं, आता ही चुलीशी जाईल, कारण बारा वर्षं ती चुलीशीच गेली होती. तो उठून बाजूला सरकला. राणी चुलीशी गेली नाही. झाडाच्या सावलीत मांडी घालून बसली, रिकामा द्रोण पुढे केला आणि म्हणाली,

"अजून वाढा. माझं पोट भरलेलं नाही."

राजाने वाढलं, ती पोटभर जेवली. तिच्यासारखी तृप्ती घरोघरी, रांधणाऱ्या हातांना आधी मिळो.