सुंद्राक्कांनी सांगितलेली तीन वर्षांची यादी

आमच्या तांबडमाळाच्या ओढ्याला बारमाही पाणी असे आणि गावात हातमागांचा खटका पहाटेपासून ऐकू येई, त्या काळातील ही हकीकत आहे. लहानांनी ती नीट बसून ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकताना मध्येच बोलू नये.

फार वर्षांपूर्वी या गावात सुंद्राक्का नावाच्या एक आचारीण राहत होत्या. लग्नकार्याचा स्वयंपाक करणे हा त्यांचा व्यवसाय होता. कोणाच्याही घरी कार्य निघाले, की आधी त्यांना बोलावणे जाई, आणि त्या सोप्यात बसून सामानाची यादी सांगत. त्यांना अक्षरओळख नव्हती. लिहिण्याचे काम दुसऱ्या कोणाला करावे लागे. परंतु त्यांनी सांगितलेल्या यादीत पसाभर तांदूळ कमी पडला किंवा फुकट गेला, असे कोणी पाहिले नाही. असे म्हणतात, की मांडवातील नुसता गलका ऐकून अजून किती पाने मांडावी लागतील हे त्या चुलीपाशी बसून सांगत. असेही म्हणतात, की एकदा भाताच्या वाफेकडे पाहून त्यांनी वाटेत अडकलेले वऱ्हाड केव्हा पोचेल ते सांगितले, आणि भात निवण्यापूर्वी ते वऱ्हाड दारात उतरले. यातील किती खरे मानायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

एक गोष्ट मात्र सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेली होती. इतर आचारी पहिल्या पंगतीचा विचार आधी करत, कारण पहिल्या पंगतीला मानकरी बसत. शेवटच्या पंगतीला वाजंत्री, पाणके, भांडी घासणाऱ्या बायका बसत आणि त्यांना उरलेसुरले मिळे. सुंद्राक्कांची रीत उलटी होती. स्वयंपाक उतरला, की त्या आधी शेवटच्या पंगतीचे अन्न काढून फडक्याखाली झाकून ठेवत. त्यानंतर दहा पानांमागे एक पान न बोलावता येणाऱ्यांसाठी काढत. हे झाल्यावाचून पहिल्या पंगतीला वाढू देत नसत, मग समोर कोणीही बसलेले असो.

त्याच सुमारास नागाप्पा हावळ या विणकराची मुलगी मालन मॅट्रिक झाली. ती गावातील पहिली मॅट्रिक मुलगी. तिला धाग्यांचे आणि रंगांचे शास्त्र शिकायचे होते. चौगुले मास्तरांनी तिच्याकडून विलायतेतील एका विद्यापीठाला अर्ज लिहवून घेतला, आणि सहा महिन्यांनी उत्तर आले, की मुलीला तीन वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश दिला आहे आणि निम्मी फी माफ केली आहे. काही कारणाने येता आले नाही, तर जागा एक वर्ष राखून ठेवू, असेही त्यात लिहिले होते. परंतु त्या ओळीकडे त्या वेळी कोणी लक्ष दिले नाही.

गाव आनंदाने वेडे झाले. माग चालवणाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, वाण्यांनी वर्गणी दिली. बोटीचे भाडे आणि पहिल्या वर्षाचा खर्च निघेल इतकी रक्कम पंधरा दिवसांत जमली, वर थोडी उरलीही. त्या उरलेल्या पैशांतून मुलीला निरोप म्हणून गावजेवण घालावे, असे रामगोंडा पाटलांनी ठरवले आणि यादी सांगण्यासाठी सुंद्राक्कांना शाळेत बोलावले.

“अक्का, पाचशे पानं धरा,” पाटील म्हणाले. “बुंदी आन् बासुंदी, दोन्ही करायचं.”

सुंद्राक्कांनी विचारले, “पोर किती दिसांसाठी निघालीया?”

“तीन वर्सं.”

“मग तीन वर्सं जेवणार कोण? आपण, का पोर?”

लोक हसले. सुंद्राक्का हसल्या नाहीत. “पोरीच्या तीन वर्सांची यादी कुणी केलीया?”

चौगुले मास्तरांनी कागद काढला आणि बोटीचे भाडे, पहिल्या वर्षाची फी, वसतिगृह, असे वाचून दाखवले. पुढील दोन वर्षांची सोय काही ना काही होईल, असे ते म्हणाले.

“मास्तर, ही पयल्या पंगतीची यादी झाली. कोरा कागद घ्या. लिवा. पयलं, परत येण्याचं भाडं.”

“अहो, पोर अजून गेली नाही, तर परत कशाला आणताय?” पाटलांचा आवाज चढला.

“जी परत येऊ शकत न्हाई, ती गेली असं मी म्हणत न्हाई पाटील. लिवा, मास्तर.”

मग त्यांनी तिसऱ्या वर्षाची फी, खोली आणि जेवण लिहायला लावले. त्यावर दहा रुपयांमागे एक रुपया न बोलावता येणाऱ्या खर्चाचा धरला. त्यानंतर दुसरे वर्ष घेतले, आणि त्याची फी लिहिते न लिहिते तोच जमलेली रक्कम संपली. पहिल्या वर्षाला एक पैसाही उरला नाही.

“म्हंजे पोर जाणार कशी?” पाटलांनी विचारले.

“यंदा जायची न्हाई,” सुंद्राक्का म्हणाल्या.

मालन कोपऱ्यात उभी होती. ती पुढे आली. “अक्का, माझ्या म्होरचं मांडलेलं पान उचललंत तुम्ही!”

“उचललं न्हाई गं. झाकून ठेवलंया. अर्ध्या जेवणातनं माणूस उठवायची मला सवय न्हाई.”

नागाप्पा हावळ आजवर सभेत कधी बोलले नव्हते. ते उठून एवढेच म्हणाले, की पोर माझी आहे, आणि अक्का सांगतात ते मला पटले आहे. तेव्हा मास्तरांनी पत्रातील ती दुर्लक्षित ओळ पुन्हा वाचली, आणि जागा राखून ठेवण्याची विनंती विद्यापीठाला गेली.

मालनने पुढे तीन आठवडे सुंद्राक्कांशी अबोला धरला. चौथ्या आठवड्यात सुंद्राक्का स्वतःच हावळांच्या दारात जाऊन बसल्या.

“त्या गावात बटाट्याचा काय भाव?”

“मला काय ठावं?”

“मग इचार की. इंग्रजी कुणाला येतंय, मला का तुला?”

मालनला हसू आवरले नाही. त्या दिवशी विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या बाईंना एक लांबलचक पत्र गेले. त्यात तेवीस प्रश्न होते. बटाटा काय भावाने मिळतो? सरपणाऐवजी काय जाळतात आणि त्याला महिन्याला काय पडते? नाताळात भटारखाना बंद असतो का, आणि असेल तर मुली कोठे जेवतात? आजारी पडल्यास वैद्याचे पैसे कोण देतो? वापरलेला लोकरी कोट विकत मिळतो का? बाईंचे उत्तर आले, तेवीसही प्रश्नांचे. नाताळात अडीच आठवडे जेवण मिळत नाही. खोलीतील शेगडी नाणे टाकल्यावाचून पेटत नाही. वरच्या वर्गातील मुली पुस्तके निम्म्या किमतीत देतात. असे म्हणतात, की पत्राच्या शेवटी त्या बाईंनी विचारले होते, हे प्रश्न काढणारी व्यक्ती कोणत्या पेढीवर हिशेबनीस आहे?

राहता राहिला पैशांचा प्रश्न. सुंद्राक्कांनी त्या वर्षी प्रत्येक यजमानाला एकच अट घातली. लग्नात गोड एकच होईल. दुसऱ्या गोडाचे पैसे मालनच्या यादीत जमा करावेत. ज्यांना ही अट मान्य नसेल, त्यांनी दुसरा आचारी पाहावा. दुसरा आचारी कोणी पाहिला नाही. खुद्द रामगोंडा पाटलांच्या मुलीच्या लग्नात नुसती बुंदी झाली, तेव्हा व्याह्यांनी भर पंगतीत विचारले, “काय पाटील, दुसरं गोड वाटेत सांडलं व्हय?”

पाटील म्हणाले, “सांडलं न्हाई. बोटीवर चढवलंया.”

पुढील वर्षी, तीनही वर्षांचे पैसे वेगवेगळे करून बँकेत ठेवून, मालन विलायतेला गेली. निघताना सुंद्राक्कांनी तिला एकच गोष्ट सांगितली: दर महिन्याला झालेल्या खर्चाची यादी पाठवायची, वस्तूवार. त्याप्रमाणे यादी येऊ लागली. चौगुले मास्तर ती शाळेच्या पायरीवर वाचत आणि गाव ऐके. विलायतेत कोबी महाग आहे, गाजर स्वस्त आहे, हे आमच्याकडील बायका पाणवठ्यावर एकमेकींना सांगू लागल्या.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर रुपयाचा भाव एकाएकी कोसळला. कालपर्यंत जितक्या रुपयांत तिकडचे एक नाणे येई, तितक्यांत ते येईना. गाव घाबरले. परंतु त्यानंतर आलेल्या याद्या पाहून मास्तरांना हायसे वाटले.

“अक्का, पोर शहाणी झाली. खर्च निम्म्यावर आणलाय तिनं.”

लोकांनी माना डोलावल्या. सुंद्राक्का मात्र पुढे सरकून बसल्या.

“मास्तर, परत वाचा. आन् मागच्या चार म्हयन्यांच्याबी वाचा.”

मास्तरांनी पाचही याद्या सावकाश वाचल्या.

“ह्यात मीठ कुठाय?”

कोणाला काही समजेना.

“मिठाचा पुडा तिला दोन म्हयने पुरतोय. पाच म्हयने झाले, तिनं मीठ घेतलं न्हाई. पोर शिजवतच न्हाई, मास्तर. पोर उपाशी हाय.”

असे म्हणतात, की त्या क्षणी गावातील सगळे माग एकदम थांबले. सुंद्राक्कांनी पदराने डोळे टिपले, आणि दहांमागे एक असे वेगळे काढलेले सर्व पैसे त्याच दिवशी बँकेतून पाठवायला लावले. सोबत मास्तरांकडून दोन ओळी लिहविल्या: “मीठ पाच महिने पुरत नाही. आधी जेव, मग लिही.”

असे म्हणतात, की ते पैसे नेहमीच्या निम्म्या दिवसांत समुद्रापार पोचले. मालन पुढे स्वतः सांगत असे, की त्या महिन्यांत ती दिवसाला एका पावावर राहत होती. तिसऱ्या वर्षाच्या पैशांना हात लावायचा नाही आणि गावाला पुन्हा तोंड दाखवून मागायचे नाही, असे तिने ठरवले होते. शिक्षण सोडून परत येत असल्याचे पत्र लिहून ते तिने पाकिटात घातले होते. दुसऱ्या दिवशी ते टपालात पडणार होते. त्याऐवजी, पैसे आणि त्या दोन ओळी हातात पडताच, ती बाजारात गेली, बटाटे आणि मीठ घेऊन आली, आणि शेगडीत नाणे टाकून रडत रडत जेवली.

तिसरे वर्ष उजाडले, तेव्हा त्या वर्षाचे पैसे जसेच्या तसे होते, आणि रुपयामुळे पडलेली तूट लग्नांतील दुसऱ्या गोडाने भरून काढली होती. परतीचे भाडेही होते. मालन पदवी घेऊन बोटीतून उतरली आणि घरी जाण्यापूर्वी सुंद्राक्कांच्या दारात गेली. तिने पायांवर डोके ठेवले ते बराच वेळ उचलले नाही. सुंद्राक्का तिच्या दंडावर हात फिरवून म्हणाल्या, “वाळलीस गं. चल, पानावर बस.”

मालनने पुढे गावात सुताला पक्का रंग देण्याचा कारखाना काढला, आणि त्या कारखान्याने तांबडमाळातील दोनशे घरांना काम दिले. सुंद्राक्का पुष्कळ वर्षे जगल्या. त्या गेल्या त्या दिवशी गावातील प्रत्येक चुलीवरचा भात आपोआप बरोबर शिजला, असे म्हणतात. मी ते ऐकले आहे, आणि त्यावर वाद घालण्याची मला इच्छा नाही.

आमच्या गावातून आता दरवर्षी दोनतीन मुले परदेशी पदवीला जातात. कोणी जर्मनीला, कोणी कॅनडाला. बँका कर्ज देतात, संगणक खर्चाचा आकडा क्षणात काढतो. तरीही तांबडमाळात लग्नाला गोड एकच असते, आणि दुसऱ्याचे पैसे ‘अक्कांचं गोड’ या नावाने त्या मुलांसाठी ठेवले जातात. आणि वैशाखातील पहिल्या रविवारी, सुंद्राक्कांच्या स्मरणार्थ, बाहेर असलेल्या प्रत्येक मुलाने पाठवलेली वर्षाची यादी शाळेत मोठ्याने वाचली जाते.

गेल्या वैशाखात तेजस्विनी माळीची कॅनडाहून आलेली यादी वाचली. खोलीभाडे, विमा, बसचा पास, तांदूळ, मीठ, सर्व काही व्यवस्थित होते. वाचणारा मुलगा पुढची यादी हातात घेणार, एवढ्यात मागच्या रांगेतून सत्तरीच्या अनसूयाबाई उठल्या.

“थांब रे. दोन हिवाळे काढले म्हणतीस पोरी तिथल्या बर्फात,” त्या कागदालाच उद्देशून म्हणाल्या, “मग बूट कुठायत?”

मुलाने यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. बूट नव्हते. गेल्या वर्षीच्या यादीतही नव्हते.

सगळे उठून उभे राहिले, आणि पुढची यादी कोणी वाचू दिली नाही. आधी तेजस्विनीला पैसे पाठवले, ते पोचल्याचा तिचा निरोप आला, आणि मगच सर्वजण पुन्हा खाली बसले.