मानाच्या पाटावरचं पोट

एका गावात पोटाला फार मान होता. लग्नाच्या पंगतीत जो सगळ्यात जास्त जिलेबी खाईल, त्याला पुढच्या पंगतीत पहिला पाट मिळे. माणूस शिकला किती, हे त्या गावात कुणी विचारत नसे.

या पाटावर दत्तूअण्णा मगदूम कित्येक वर्षं बसत होते. धंदा गुळाचा, स्वभाव गोड आणि भूक म्हणजे गावाच्या अभिमानाचा विषय.

एका उन्हाळ्यात अण्णांची भूक गेली. जेवलं की पोटात मुरडा येई. कधी पोट साफ होत नसे, कधी नको तेवढं होई. संध्याकाळी अंगात कणकण भरे, रात्री घामानं उशी भिजे. अण्णांनी हे लपवून ठेवलं. पंगतीत ते नुसता हात हलवत आणि जिलेब्या हळूच शेजारच्या पानात सरकवत. शेजारच्या तात्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही.

एकदा अण्णा गुपचूप तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"भूक कशी आहे? ताप येतो? वजन उतरलंय?" बाईंनी विचारलं.

"छे! जरा गॅस होतो, एवढंच."

सांगितलेल्या दुखण्यावर गोळी मिळाली. न सांगितलेलं दुखणं अण्णांबरोबर घरी परत आलं.

पुढे अण्णांचं पोट वाढू लागलं. गावाला आनंद झाला. "अण्णा, तब्येत मानवली की!" असं लोक पारावरून ओरडून सांगत. खाण्यात दुसरा नंबर असलेला बाबू चौगुले मात्र जळून म्हणाला, "गुळाची ढेप गिळली काय?"

बायको अक्काताई एवढंच म्हणाली, "अहो, हातातलं कडं कोपरापर्यंत सरकतंय आणि पोट पुढं धावतंय. ही कसली तब्येत?"

"तुला पंगतीतलं काय कळतंय!" अण्णा म्हणाले.

पुढच्या लग्नात अण्णा मानाच्या पाटावर बसले. लोक बघत होते म्हणून एक जिलेबी खरोखर खावी लागली. थोड्या वेळात त्यांना उलटी झाली आणि पोट धरून ते पाटावरच आडवे झाले. अर्ध्या पंगतीनं त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि तेच जुने प्रश्न पुन्हा विचारले. अण्णांनी आजूबाजूला पाहिलं. बाबू चौगुले दारातच उभा होता. खरं बोललं तर पाट गेला.

"अण्णा, पोटात पाणी झालंय," बाई म्हणाल्या. "आता लपवलंत तर जिवावर बेतेल."

अण्णांनी डोळे मिटले. "बाई, उन्हाळ्यापासून मला दोन घास जात नाहीत. रोज ताप येतो. पंगतीतल्या जिलेब्या मी खाल्ल्याच नाहीत."

"मग खाल्ल्या कुणी?" बाबू ओरडला.

तात्या छताकडे बघू लागले.

मग तपासण्या झाल्या. छातीचा फोटो स्वच्छ निघाला. सोनोग्राफी झाली, पोटातलं पाणी सुईनं काढून तपासलं. तरी खात्री होईना, म्हणून दुर्बिणीतून पोटाच्या आतल्या पडद्याचा लहानसा तुकडा काढला. त्यात दुखणं सापडलं. पोटाचा क्षय.

"क्षय? बाई, मला साधा खोकला नाही!"

"पोटातला क्षय खोकत नाही, अण्णा. कधी गॅस, कधी मुरडा, कधी जुलाब, असं दुसऱ्याचंच नाव सांगतो. आधीच तो ओळखायला अवघड आणि तुम्ही त्याच्या बाजूनं साक्ष दिलीत. आता गोळ्या बरेच महिने घ्यायच्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत."

अण्णांनी गोळ्या नेमानं घेतल्या. ताप गेला, भूक आली, पोट सपाट झालं. हातावर मांस चढलं आणि कडं मनगटावर थांबलं.

पुढच्या लग्नात ते कडेच्या पाटावर बसले. पहिल्या पाटावर बाबू होता. अण्णांचं सपाट पोट बघून लोक हळहळले. "अरेरे! काय होते अण्णा आणि काय झाले!"

अण्णांनी दोन जिलेब्या खाल्ल्या, चवीनं खाल्ल्या आणि पानावर आडवा हात धरून म्हणाले, "पुरे." शेजारी तात्या होते. त्यांच्या पानात या वेळी काहीच सरकलं नाही.

तात्पर्य: आपलं दुखणं डॉक्टरला पुरतं सांगावं. लोक पोट बाहेरून पाहतात आणि बाहेरून ते पुष्कळदा छान दिसतं.